दोन प्रणालींमधील दुभाष्या

एका संगणकप्रणालीसाठी लिहिलेली आज्ञावली दुसऱ्या प्रणालीवर सहसा चालत नाही. फाइल उघडणे, पडद्यावर अक्षर उमटविणे, स्मृतीत जागा मिळविणे या कामांसाठी आज्ञावलीला कार्यप्रणालीकडे मागणी करावी लागते, आणि या मागणीची भाषा प्रणालीपरत्वे बदलते. अशा वेळी दोन मार्ग उरतात. एक तर सर्व आज्ञावल्या नव्याने लिहावयाच्या, किंवा मध्ये अनुवाद करणारा एक थर बसवावयाचा. हा थर म्हणजे दुभाष्याच होय.

युनिक्स ही कार्यप्रणाली १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जन्मली. विद्यापीठांत तिच्यासाठी विपुल आज्ञावल्या लिहिल्या गेल्या. मेजावरच्या संगणकांवर मात्र प्रामुख्याने मायक्रोसॉफ्टच्या प्रणाली पसरल्या. १९९३ च्या विंडोज एनटीमध्ये युनिक्सच्या ‘पॉसिक्स’ या प्रमाणाचा थर होता. पण तो मुख्यतः सरकारी खरेदीची अट पुरी करण्यापुरताच होता. १९९५ साली सुरू झालेल्या सिग्विनने पुष्कळ अधिक साधले. तरीही एक अडचण राहिली. युनिक्समध्ये चालू प्रक्रिया सहजपणे स्वतःची प्रतिकृती निर्माण करते. विंडोजमध्ये तशी सोय नसल्याने सिग्विनला ती सायासाने घडवावी लागते आणि कामाचा वेग मंदावतो.

आपल्याकडे हाच प्रश्न लिपीच्या रूपाने उभा राहिला. नागरीला सार्वजनिक व्यवहारात स्थान मिळावे यासाठी झटणारी नागरी प्रचारिणी सभा वाराणसीत १८९३ साली स्थापन झाली. वायव्य प्रांताच्या न्यायालयांत नागरीला १९०० साली मुभा मिळाली. पुढे संगणक आले ते रोमन लिपी गृहीत धरून. सर्व आज्ञावल्या नागरीसाठी पुन्हा लिहिणे अशक्यप्राय होते. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले आणि १९८८ नंतर पुण्याच्या सी-डॅक संस्थेत वाढलेले ‘जिस्ट’ तंत्र दुसऱ्या मार्गाने गेले. संगणकात एक कार्ड बसविले की इंग्रजीसाठी लिहिलेल्या अनेक आज्ञावल्यांत नागरी अक्षरे लिहिता-वाचता येऊ लागली. त्यामागील ‘इस्की’ संकेतावलीत, जी १९९१ साली भारतीय मानक ठरली, रोमन अक्षरांचे पहिले १२८ संकेतांक जसेच्या तसे ठेवून वरच्या रिकाम्या भागात भारतीय वर्ण बसविले होते. जुन्या आज्ञावलीला बदल जाणवण्याचे कारणच नव्हते.

परंतु येथेही दुभाष्याची मर्यादा उघड झाली. एक संकेतांक म्हणजे पडद्यावरील एक घर, असे जुनी आज्ञावली मानीत असे. ‘क्ष’ मात्र क, हलन्त आणि ष अशा तीन संकेतांकांनी बनतो. मग तक्त्यांतील रकाने जुळावेत कसे?

दोन्ही प्रकरणांचा शेवट सारखाच झाला. इस्कीची मांडणी युनिकोडने स्वीकारली आणि विंडोज २००० पासून नागरीची जुळणी कार्यप्रणालीच करू लागली. इकडे विंडोजने २०१६ साली लिनक्ससाठी नवा अनुवादक थर दिला. परंतु २०१९ साली जाहीर झालेल्या त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत अनुवादाऐवजी लिनक्सचा खराखुरा गाभाच आणला.

म्हणून अशा थराला तात्पुरती डागडुजी समजून हिणवणे योग्य नव्हे. पाया बदलेपर्यंत थांबावे लागले असते, तर मधल्या काळात नागरी लिहिणारा दाराबाहेरच राहिला असता. दुभाष्या प्रवेश मिळवून देतो. घरात हक्काची जागा मात्र पाया बदलल्यावरच मिळते.