निकाल लागण्याआधी

दहावीची परीक्षा मार्च महिन्यात संपते. निकाल मे महिन्यात लागतो, कधी जून उजाडतो. मधले दिवस मोठे कठीण. पेरणी करून शेतकरी आभाळाकडे बघतो, तसे सारे घर निकालाकडे डोळे लावून बसते.

आमच्या साक्षरता वर्गाला एक बाई येत. २०२५ सालच्या मे महिन्यात त्या वर्गात गप्प गप्प बसू लागल्या. पाटी समोर, पण ध्यान भलतीकडे. आम्ही विचारले, "ताई, काय झाले?"

"गुरुजी, पोरगी दहावीला बसलीया. निकाल जवळ आला. नीट जेवत न्हाई. रातीची उठून बसती."

"घरात कोणी काही बोलले का?"

बाईंनी मान खाली घातली. "तिचा बा म्हणाला, नापास झालीस तर लगीन लावून टाकीन."

त्याच संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो. मुलीच्या वडिलांना म्हणालो, "अहो, पेपर मार्चातच लिहून झाले. आता धमकीने एक तरी मार्क वाढेल का? पोरीची झोप मात्र जाईल. शिवाय अठरा वर्षांच्या आत मुलीचे लग्न लावणे हा गुन्हा आहे."

ते म्हणाले, "गुरुजी, मी आपलं भ्या दाखवायला बोललो."

"तुम्ही सहज बोलता. लेकराला ते खरे वाटते."

ही चूक आमच्याही हातून झाली आहे. "नापास झालास तर गुरे राखशील," असे आम्हीही वर्गात म्हणत असू. त्याचा आज पस्तावा होतो.

नापास झाले म्हणजे वाट संपली, असे नाही. पास व्हायला शंभरात ३५ गुण लागतात. कमी पडले तर त्याच वर्षी पुरवणी परीक्षा असते. राहिलेल्या विषयांचेच पेपर पुन्हा द्यायचे. गुण चुकले असे वाटले तर अर्ज करून ते तपासून घेता येतात. आयटीआयमध्ये काही कामे आठवी पास मुलांनाही शिकता येतात.

या दिवसांत मुलांना वेळेवर जेवू-झोपू द्यावे. घरातल्या कामात सोबत घ्यावे. शेजारच्या पोराशी तुलना करू नये. मूल "जगून काय करू" असे म्हणाले, तर रागावू नये, हसण्यावारी नेऊ नये. त्याला एकटे सोडू नये. १४४१६ या सरकारी नंबरावर फोन करावा. तो रात्रंदिवस चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीतून बोलता येते.

निकालाच्या आदल्या रात्री वडील मुलीला म्हणाले, "काय बी होऊ दे. तू आमचीच हाईस. लग्नाचं मी पुन्हा बोलायचा न्हाई."

दुसऱ्या दिवशी निकाल मोबाइलवर आला. तो बघायला परीक्षेचा नंबर आणि आईचे नाव घालावे लागते. नंबर मुलीने घातला. नाव बाईंनी स्वतः एकेक अक्षर शोधून घातले.

मुलगी गणितात राहिली होती. ती रडली. वडिलांनी पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "पुरवणीचा फारम भरू." त्या रात्री सगळे एकत्र जेवले. मुलगीही जेवली.

म्हणून आम्ही सांगतो, धीराचे बोल निकालानंतरसाठी राखून ठेवू नका. ते आधीच बोला.