ज्येष्ठ रुग्णाचा रुग्णालय-प्रवेश : वैद्य व औषधविक्रेते यांचे कर्तव्य

खुब्याच्या किंवा प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल होणारे अनेक वृद्ध रुग्ण ‘डॉक्टर रागावतील’ या भीतीने आयुर्वेदीय औषधांचा उल्लेखच करीत नाहीत. हे मौन धोकादायक ठरू शकते. लसूण व गुग्गुळ यांच्या कल्पांमुळे रक्तस्राव वाढण्याचा संभव असतो. अश्वगंधेमुळे गुंगीच्या औषधांचा परिणाम अधिक होऊ शकतो. ज्येष्ठमध दीर्घकाळ घेतल्यास रक्तातील पोटॅशियम घटून रक्तदाब वाढतो. आसवारिष्टांत मद्यार्क, तर अवलेहांत साखर असते.

म्हणून आम्ही असे सुचवितो की, वैद्यांनी आपल्या लेटरहेडवर कल्पाचे नाव, प्रमुख घटक, मात्रा, प्रारंभाचा दिनांक व शेवटची मात्रा लिहून द्यावी. ‘रसायन चालू आहे’ असे मोघम लिहू नये. कोणते औषध केव्हा थांबवावे, हे भूलतज्ज्ञांशी बोलून ठरवावे. नियोजित शस्त्रक्रियेत ही चर्चा किमान २ आठवडे आधी व्हावी. रक्त पातळ करणारी गोळी रुग्णाने परस्पर बंद करू नये. औषधविक्रेत्यांनी प्रत्येक पुडीवर औषधाचे नाव लिहावे आणि पावती जपून ठेवण्यास सांगावे.

वार्धक्यात वात प्रबल असतो. अपरिचित जागी, विशेषतः रात्री, वृद्धांस भ्रम होऊ शकतो. चष्मा, कवळी व श्रवणयंत्र सोबत द्यावे. उशाशी ओळखीचे माणूस असावे.

घरी परतल्यावर डिस्चार्ज कार्ड पाहिल्याशिवाय पूर्वीची औषधे पुन्हा सुरू करू नयेत. आकस्मिक प्रसंगी धावपळ टळावी, यासाठी सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येक रुग्णाच्या घरी अशी यादी आजच तयार असावी.