बिझनेस क्लास घे, पण विमान बघून

पोरी, अक्काचे गुडघे आणि दाजींची पाठ बघता त्यांना या वेळी अमेरिकेला बिझनेस क्लासनं पाठवायचं ठरवलंस, चांगलं केलंस. पैसे भरण्याआधी मात्र मामाचं थोडं ऐक. आपल्या नंदुरबारच्या बाजारात मिरचीचा ढीग उकरून बघितल्याशिवाय कोणी बोली लावत नाही. लाखांचं विमानाचं तिकीट मात्र माणसं ‘बिझनेस’ एवढं वाचून काढतात.

पहिलं काम म्हणजे विमान कोणतं ते बघणं. उड्डाण क्रमांकाजवळ बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. नुसत्या एअर इंडियाचंच घे. देशातल्या देशात फिरणाऱ्या ए-320 मध्ये बिझनेस म्हणजे दोन-दोनच्या रुंद खुर्च्या. पाठ मागे जाते, पलंग होत नाही. जुन्या 787-8 मध्ये अठरा आसनं, दोन-दोन-दोन अशी. पलंग सपाट होतो, पण खिडकीजवळच्यानं रात्री उठायचं म्हणजे शेजाऱ्याचे पाय ओलांडायचे. ए-350 मध्ये अठ्ठावीस आसनं, एक-दोन-एक, प्रत्येकाला सरकतं दार. विस्तारा 2024 च्या नोव्हेंबरात एअर इंडियात विलीन झाली, तिची 787-9 विमानंही एक-दोन-एकवाली. 787 ला ‘ड्रीमलायनर’ म्हणतात. म्हणजे नुसतं ‘ड्रीमलायनर आहे’ ऐकून खूश होऊ नकोस, पुढचा आकडा आठ की नऊ ते विचार. त्यात जुनी विमानं आतून बदलायला घेतली आहेत, म्हणून शेवटी आसनांचा नकाशा उघडून रांगेत किती आसनं ते मोजायचंच.

आखाती कंपन्यांचंही तेच. एमिरेट्सच्या जुन्या 777 मध्ये दोन-तीन-दोन अशी मांडणी आहे. तिघांतलं मधलं आसन फुकट दिलं तरी घेऊ नये असं माझं मत. त्याच कंपनीच्या ए-380 मध्ये बिझनेस वरच्या मजल्यावर, एक-दोन-एक. कतारचं दारवालं ‘क्यूस्वीट’ 2017 पासून आहे, पण त्यांच्या सगळ्या विमानांत नाही.

आपल्याला मुंबईपेक्षा सुरत जवळ. नवापूर, सोनगड, व्यारा, बारडोली करत गाडी सुरतेला पोचते. त्यामुळे सुरत–दिल्ली–अमेरिका असं एकच तिकीट काढायचा मोह होईल. काढ, पण पहिला टप्पा छोट्या विमानाचा, तिथं पलंगाची आशा नको. मुंबई–दुबईही तीन तासांचं. तिथं साधी खुर्ची मिळाली तरी बिघडत नाही. पैसा वसूल करायचा तो चौदा-पंधरा तासांच्या टप्प्यावर. ‘मिश्र वर्ग’ असं कुठं लिहिलेलं दिसलं तर थांब. लहान टप्पा बिझनेस आणि लांबचा इकॉनॉमी असा उलटा कारभारही त्यात असू शकतो. युरोपातून जाणार असतील तर आणखी एक गंमत: तिथल्या तिथल्या उड्डाणात बिझनेस म्हणजे पुष्कळदा इकॉनॉमीचीच खुर्ची, फक्त मधली रिकामी ठेवतात. जेवण बरं असतं म्हणे.

आता आसन निवडणं. दोघं आहेत, तेव्हा एक-दोन-एकमध्ये मधली जोडी घे. दोन-दोन-दोन असेल तर दाजींना खिडकी, अक्काला वाट. तिला सारखं उठावं लागतं. पाय ठेवायचा कप्पा काही विमानांत अरुंद असतो. दाजींचे पाय सुजतात, म्हणून पहिल्या रांगेचा नकाशा बघ, तिथं बऱ्याचदा जागा मोकळी असते. स्वच्छतागृह आणि स्वयंपाकाची जागा यांच्या अगदी शेजारी नको, रात्रभर उजेड आणि भांड्यांचा आवाज. परतीचं विमान वेगळं असू शकतं, तेही असंच तपास.

व्हीलचेअर बिझनेसच्या तिकिटाबरोबर आपोआप येत नाही, वेगळी सांगावी लागते. जेवणही निदान चोवीस तास आधी नोंदव. एक बॅग बत्तीस किलोच्या वर जाऊ देऊ नकोस. अक्का डाळी-मसाले भरायला बसली की तिला वजनाचं भान राहत नाही.

एवढं करूनही ऐनवेळी विमान बदलतं. खालच्या वर्गात बसवलं तर 15 फेब्रुवारी 2023 पासून आपल्या डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, नियम आहे: देशांतर्गत प्रवासात तिकिटाचे 75 टक्के परत, आंतरराष्ट्रीय प्रवासात अंतराप्रमाणे 30, 50 किंवा 75 टक्के. साडेतीन हजार किलोमीटरच्या पुढे 75. पण वर्ग बिझनेसच राहिला आणि पलंगाची खुर्ची झाली, तर हा नियम कामाचा नाही. म्हणून तिकीट काढल्यावर अधूनमधून आसन क्रमांक बघत राहा. तो तू न बदलता बदललेला दिसला की विमान बदललं असण्याचीच शक्यता जास्त. तेव्हाच फोन कर, हवं तर दुसरं उड्डाण माग. विमानतळावर पोचल्यावर काउंटरवरच्या पोरीशी भांडून काही हाती लागत नाही.