सत्त्वावजय : चिकित्सेचे विस्मृत अंग

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या ११व्या अध्यायात दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय व सत्त्वावजय अशी त्रिविध चिकित्सा वर्णिली आहे. अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह म्हणजे सत्त्वावजय. आपण मात्र निद्रानाशाच्या रुग्णास ब्राह्मी, अश्वगंधा व शिरोधारा योजून थांबतो.

धाराशिव जिल्ह्यात ही उणीव जिवावर बेतू शकते. शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठी राज्य शासनाने २०१५ साली १४ जिल्ह्यांत समुपदेशनाचा ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. त्यांत तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे हाच जिल्हा होता.

अग्निमांद्य, अंगमर्द, अनिद्रा घेऊन आलेल्या शेतकऱ्यास पीक व कर्जाविषयी एकांतात विचारावे. जीव नकोसा वाटतो काय, हेही स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार बळावत नाही. उत्तर होकारार्थी आल्यास रुग्णास एकटे सोडू नये, घरातील कीटकनाशके त्याच्या हाती लागू न देण्याविषयी नातेवाइकांस सांगावे आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावे. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक चिकित्सापत्रावर लिहून द्यावा.

औषधयोजना आवश्यक तेथे करावीच. परंतु रुग्णाचे शांतपणे ऐकून घेणे हेही चिकित्साकर्मच होय, असे आम्ही मानतो.