दिसलं तेवढंच लिहायचं

वैशाखी पौर्णिमेच्या रात्री सागरेश्वर अभयारण्यात पाणवठ्यावर प्राणी मोजायला बसणं, हे मी कडेगावात राहून केलेलं सर्वांत मोलाचं काम. आफ्रिकेतल्या वन्यजीव प्रकल्पांवर स्वयंसेवक म्हणून जायचं म्हणणारी पोरं भेटतात, त्यांना मी मचाणावर शिकलेलं हेच सांगतो.

१. दिसलं तेवढंच लिहा. पहिल्या वर्षी दिवस कलता कलता चितळांचा कळप आला. पुढची मादी पाण्यापासून वीसेक पावलांवर थांबली. कान ताठ, पुढचा एक पाय उचललेला. कितीतरी वेळ तिनं तो टेकवलाच नाही. मग टेकवला, पाण्याला तोंड लावलं, तेव्हा कुठं झुडपांतून बाकीची एकेक बाहेर आली. मी नऊ मोजली. अर्ध्या तासानं पुन्हा सात आली. मी सोळा लिहिणार, तोच सोबतचे वनमजूर मामा कानाशी पुटपुटले, "ती फाटक्या कानाची मघाचीच हाय. दिसलं तेवढंच लिवा." तो फाटका कान मला दिसलाच नव्हता. तेव्हापासून मी आकड्याआधी खूण लिहितो: कान, शिंगं, सोबतचं पिलू, आल्याची वेळ, गेल्याची दिशा. ओळख पटली नाही तर पटली नाही असंच लिहितो. ज्या तासात काहीच आलं नाही तिथं शून्य लिहितो. जागा कोरी सोडली, तर जनावर आलं नव्हतं की मोजणाऱ्याचा डोळा लागला होता, हे कागद वाचणाऱ्याला कसं कळणार?

२. पाणी कुठून आलं ते आधी विचारा. सागरेश्वरचा डोंगर एके काळी उघडाबोडका होता. मोहित्यांचे वडगावच्या धों. म. मोहिते यांनी माणसं जमवून तिथं झाडं लावली, जगवली. चितळ, सांबर बाहेरून आणून सोडले गेले आणि १९८५ साली अभयारण्य झालं. क्षेत्र अवघं १०.८७ चौ. किमी. उन्हाळ्यात इथल्या जनावरांचा जीव माणसानं राखलेल्या पाण्यावर असतो. झिंबाब्वेतलं ह्वांगे राष्ट्रीय उद्यान साडेचौदा हजार चौ. किमीच्या आसपास, पण दुखणं तेच. तिथले पहिले वॉर्डन टेड डेव्हिसन यांनी बोअर घेऊन पाणवठे उभे केले, आजही पंप चालवूनच ते भरावे लागतात. तिथंही कोरड्या दिवसांतल्या पौर्णिमेला स्वयंसेवक चोवीस तास पाणवठ्यावर बसून मोजतात. एकेक हत्ती दिवसाला शंभर लिटरच्या वर पाणी पितो. पंप बंद पडला तर काय होत असेल, हे आपल्या दुष्काळी भागातल्या माणसाला सांगायला नको. म्हणून नोंदपत्रकावर पाणी किती होतं तेही लिहा. पाणी आटलं की जनावरं दुसरीकडं जातात आणि कागदावर मात्र ती घटली असं दिसतं.

३. एका रात्रीच्या आकड्यावर भाळू नका. आदल्या दिवशी वळीव झाला की खड्ड्याखड्ड्यांत पाणी साचतं, मग मचाणासमोर कुणी फिरकत नाही. त्याच जागी वर्षानुवर्षं बसाल तेव्हा काही कळायला लागेल.

४. पिलाला हात लावू नका. चितळाची मादी पिलू गवतात दडवून चरायला जाते. ते निपचित पडून असतं, म्हणून माणसाला वाटतं सोडून दिलंय. उचलून आणलं की ते खरंच पोरकं होतं. ऊसतोडीत सापडलेले बिबट्याचे बछडेसुद्धा जागच्या जागी ठेवले तर आई रात्री येऊन नेते. आफ्रिकेत पैसे भरून जाणाऱ्यांनी हे तर आवर्जून ध्यानात ठेवावं. सिंहाच्या छाव्याला बाटलीनं दूध पाजायला मिळेल असं कुणी सांगत असेल, तर तिथं पाऊल टाकू नका. दक्षिण आफ्रिकेत असे माणसाळलेले सिंह मोठे झाल्यावर कुंपणातल्या शिकारीला दिले गेले आहेत. ते वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

५. अत्तर, पावडर, भडक शर्ट घरी ठेवा. भाकरी-ठेचा, पाणी, दोन पेन्सिली बरोबर घ्या.

६. कुंपणाबाहेरच्या माणसाजवळ जाऊन बसा. ताकारी योजनेच्या पाण्यानं शिवार हिरवं झालं आणि हरणंही कुंपणाला फट सापडली की तिकडं वळू लागली. एका मावशींनी मला उन्हाळी भुईमुगाचे खुडलेले शेंडे दाखवले आणि विचारलं, "तुम्ही आत मोजताय, पर आमच्यात किती आली ते कोण मोजतंय?" मला उत्तर देता आलं नाही. पुढच्या वर्षी मचाणावरून उतरलो तो थेट त्यांच्या बांधावर गेलो. पाणी दिलेल्या सरीत खुरांचे ठसे ताजे होते. मी वाकून मोजत होतो, मावशी नातवाच्या वहीत लिहून घेत होत्या. तिसऱ्या सरीत काहीच नव्हतं. त्यांनी विचारलं, "हितं काय लिवू?" मी म्हटलं, "शून्य."