तक्रारवहीचे रकाने आणि चाळण्या

वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्रा येथील कंपन्यांचे जॉबवर्क करणाऱ्या आपल्या बहुतेक बांधवांकडे तक्रारींची नोंद तीन ठिकाणी असते. थोडी व्हॉट्सॲपवर, थोडी चलनाच्या पाठीवर आणि उरलेली उस्तादांच्या डोक्यात. कंपनीचा माणूस फोनवर सांगतो की मागच्या लॉटमधील बुशचे भोक मोठे आहे. उस्ताद होय म्हणतात, पण लेथवरच्या पोराला सांगायचे राहून जाते. महिन्याने बिल अडते तेव्हा तक्रार केव्हा आली, किती नगांची होती व ती कोणी मिटवली हे कोणालाच सांगता येत नाही. दुकान शिलाईचे असो वा हिमरूच्या शालींचे, चित्र फारसे वेगळे नाही.

सॉफ्टवेअर बनविणाऱ्यांपुढे हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर आला आणि त्यांनी त्यावर जी वही तयार केली तिला ते इश्यू ट्रॅकर म्हणतात. १९९८ साली नेटस्केप कंपनीतील टेरी वाइसमन यांनी तयार केलेली बगझिला ही त्यांतील एक जुनी व आजही फुकट मिळणारी वही होय. आपल्या दहा-बारा माणसांच्या कारखान्याला एवढा पसारा नको. संगणकावरील एक्सेलची एक शीट पुरते. मात्र त्या वहीच्या रचनेतून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

पहिली गोष्ट, बगझिलात 'स्थिती' आणि 'निकाल' हे दोन वेगळे रकाने आहेत. तक्रार नवी आहे, कोणाच्या हाती आहे की बंद झाली, ही स्थिती. ती कशी बंद झाली, म्हणजे दुरुस्त केली, आधीच नोंदलेली होती, आमच्याकडे तपासता दोष दिसला नाही, की दुरुस्त करणार नाही, हा निकाल. आपण वहीत नुसते 'मिटले' लिहितो. वर्षाअखेर मिटलेल्या तक्रारींपैकी किती खरोखर आपल्या चुकीच्या होत्या आणि किती गिऱ्हाईकाने ड्रॉइंग बदलून न कळविल्यामुळे आल्या, हे त्यातून कळत नाही. भाव ठरविताना हीच माहिती उपयोगी पडते.

रकाने किती असावेत? आमचे मत असे की जो रकाना भरल्यावर कोणी काही वेगळे करणार नाही, तो ठेवूच नये. पंचवीस रकान्यांची वही आठ दिवसांत ओस पडते. अनुक्रमांक, गिऱ्हाईक, मालाचे नाव वा ड्रॉइंग क्रमांक, नग, गिऱ्हाईकाच्याच शब्दांत दोष, कोणाच्या हाती, कबूल केलेली तारीख, स्थिती व निकाल एवढे हवेतच. अनुक्रमांक एकदा दिला की बदलू नये आणि तक्रार बंद झाली तरी तो दुसरीला देऊ नये. 'कोणाच्या हाती' या रकान्यात एकच नाव लिहावे. दोन नावे लिहिली की दोघेही एकमेकांची वाट पाहतात.

याशिवाय चार रकाने असे आहेत की ज्यांवर पैसा अवलंबून आहे: माल पोचल्याची तारीख, तक्रार आल्याची तारीख, ती कशी आली (फोनवर की लेखी) आणि दोष दूर केल्याची तारीख. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म वा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असल्यास ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात आणि ती मुदत ४५ दिवसांहून अधिक ठेवता येत नाही. करार नसल्यास १५ दिवस. पण हे दिवस मोजायचे कधीपासून? खरेदीदाराने माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला त्या दिवसापासून. लेखी हरकत घेतली असेल तर आपण ती दूर केली त्या दिवसापासून. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागते. "तुमच्या मालाची तक्रार होती" असे दोन महिन्यांनी सांगून बिल अडवणाऱ्यापुढे हे चार रकाने ठेवता आले, तर बोलणे वेगळ्या पायरीवर येते.

आता चाळण्या, म्हणजे फिल्टर. वही एकच, पण प्रत्येकाला तिच्यातील आपल्यापुरता भाग दिसावा. मशीनवरच्या कारागिराला 'माझ्या हाती असलेल्या व बंद न झालेल्या' एवढ्याच ओळी पुरेत. त्याला बिलाचे रकाने कशाला? वसुली पाहणाऱ्याला हवे ते 'दोष दूर झाला, ४५ दिवस उलटले, पैसे आले नाहीत'. यासाठी पैसे आल्याच्या तारखेचा रकानाही ठेवावा. मालकाने रोज सकाळी पाहावी ती 'कबूल तारीख उलटलेली' चाळणी. ईदच्या आधीच्या पंधरा दिवसांत शिलाईवाल्यांचे सारे दुकान या एका चाळणीवर चालू शकते.

येथे एक खड्डा आहे. तारीख उलटलेल्या ओळी मागितल्या की ज्या ओळीत तारीख लिहिलेलीच नाही ती दिसत नाही. म्हणजे ज्या तक्रारीकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष झाले, तीच चाळणीतून निसटते. सबब 'तारीख रिकामी' आणि 'नाव रिकामे' अशा दोन चाळण्या वेगळ्या ठेवून आठवड्यातून एकदा पाहाव्यात.

दुसरा खड्डा लिहिण्याचा. एकजण 'चालू' लिहितो, दुसरा 'चालु', तिसरा 'काम चालू आहे'. माणसाला तिन्ही एकच, संगणकाला तीन. म्हणून स्थिती, निकाल व नावे हाताने न लिहिता ठरलेल्या यादीतून निवडण्याची सोय करून घ्यावी; एक्सेलमध्ये ती डेटा व्हॅलिडेशन या नावाने आहे. तारखेचेही तसेच. १२ जूनसाठी कोणी '१२.६' असे इंग्रजी आकड्यांत टाकले, तर संगणक ते बारा दशांश सहा समजतो आणि दिवसांचा हिशेब बिघडतो.

जे बांधव सूत, कापड किंवा सुटे भाग बाहेर कारागिरांकडे पाठवितात व ज्यांची जीएसटी नोंदणी आहे, त्यांनी 'चलनाची तारीख' व 'परत आल्याची तारीख' हे रकाने जरूर घ्यावेत. जॉबवर्कला पाठविलेला कच्चा माल एका वर्षात परत आला नाही किंवा तेथूनच विकला गेला नाही, तर तो पाठविला त्याच दिवशी विकला असे धरून कर लागतो. मुदतवाढ मिळू शकते, पण ती मागावी लागते. ३०० दिवस उलटलेल्या चलनांची चाळणी ठेवली की हाती दोन महिने उरतात.

शेवटी एक धोक्याची सूचना. एकच रकाना निवडून तो क्रमाने लावला आणि बाकीचे रकाने जागीच राहिले, तर एकाची तक्रार दुसऱ्याच्या नावावर जाते व ते चटकन लक्षातही येत नाही. क्रम लावताना पूर्ण तक्ता निवडावा, काम झाल्यावर चाळणी उठवावी आणि दर शनिवारी फाईलची एक प्रत तारीख घालून पेनड्राइव्हवर काढून घरी न्यावी.