परीक्षा दोघांची

(मावशी पुण्यात विशेष मुलांच्या शाळेत शिकवत होती. निवृत्त झाल्यावर गडचांदूरला माहेरच्या घरी राहायला आली. भाचा इथल्याच सिमेंट कारखान्यात कामाला आहे. त्याचा काळ्या नावाचा देशी कुत्रा आहे, तीन वर्षांचा.)

भाचा: मावशी, काळ्याला ग्रामीण रुग्णालयात घेऊन जावं म्हणतो. मोबाइलवर पाहिलं, परदेशात कुत्रे पेशंटच्या पलंगाशेजारी बसतात. म्हातारी माणसं हसायला लागतात.

मावशी: विचार चांगला आहे. काळ्याला विचारलंस?

भाचा: त्याला काय विचारायचं वं? मी म्हणेन तिथं येतो तो.

मावशी: येतो, कारण तू नेतोस. आल्यावर त्याला तिथं आवडतं का, हा प्रश्न वेगळा. या कामात सगळ्यात आधी तेच बघतात. अनोळखी माणसानं हात लावला तर आपला कुत्रा सहन करतो, एवढ्यावर लोक खूश होतात. सहन करणारा कुत्रा इथं चालत नाही. आपणहून माणसाकडे जाणारा लागतो.

भाचा: आपल्याकडे कोणी करतं का हे, की सगळं अमेरिकेतच?

मावशी: करतात की. मिनल कविश्वर नावाच्या मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी ॲनिमल एंजल्स फाउंडेशन उभी केली. मुंबई-पुण्याकडे विशेष मुलांच्या शाळांमध्ये त्यांचे कुत्रे जातात. मुंबईच्या विमानतळावरही प्रवाशांचा ताण हलका व्हावा म्हणून त्यांचे कुत्रे आणले होते. चेन्नईत ब्लू क्रॉसनं ‘डॉक्टर डॉग’ नावाचा उपक्रम चालवला. ती कल्पना मुळात हाँगकाँगची, जिल रॉबिन्सन यांनी १९९१ मध्ये सुरू केलेली.

भाचा: आणि त्याच्या आधी?

मावशी: न्यूयॉर्कमध्ये बोरिस लेविन्सन नावाचे बालमानसशास्त्रज्ञ होते. त्यांचा कुत्रा जिंगल्स. एकदा एक मूल ठरलेल्या वेळेच्या बरंच आधी येऊन पोचलं. जिंगल्स खोलीतच होता, तो थेट मुलाकडे धावला. जे मूल कोणाजवळ जात नव्हतं, ते कुत्र्याशी खेळायला पुन्हा यायचं म्हणालं. लेविन्सननी १९६२ मध्ये निबंध लिहून कुत्र्याला सह-उपचारक म्हटलं, तेव्हा सोबतच्या लोकांनी चेष्टा केली. पुढे त्यांनी १९६९ मध्ये यावर पुस्तकच लिहिलं.

भाचा: पण खरंच गुण येतो का? कुठंतरी वाचलं, कुत्रा पाळला की हार्ट अटॅकनं माणूस मरत नाही.

मावशी: तसं कोणी सिद्ध केलेलं नाही. तू वाचलंस त्याचं मूळ १९८० च्या एका अभ्यासात असावं. हृदयविकारातून वाचलेले ९२ रुग्ण होते. त्यातल्या ५३ जणांकडे पाळीव प्राणी होते, वर्षभरात त्यांच्यातले ३ गेले. ज्यांच्याकडे नव्हते ते ३९, त्यांच्यातले ११ गेले. आकडा मोठा दिसतो. पण ज्याची तब्येत बरी, हातीपायी धड, तोच प्राणी पाळतो, असंही असू शकतं ना? शिवाय घरी पाळलेला कुत्रा आणि आठवड्यातून एकदा भेटायला येणारा कुत्रा, या दोन गोष्टी आहेत. जपानच्या अझाबू विद्यापीठातला २०१५ चा अभ्यास मला जास्त पटतो. कुत्रा आणि त्याचा मालक एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहिले, की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि तान्ह्या बाळाच्या नात्यात ज्याचा वाटा असतो, तेच द्रव्य. मात्र हे मालकापुरतं. परक्या माणसाबद्दल एवढं छातीठोक बोलता येणार नाही. भीती थोडी उतरते, मूल बोलायला लागतं, व्यायामाला कंटाळलेला माणूस कुत्र्याला ब्रश करायला हात उचलतो. हे मी शाळेत पाहिलंय. औषधाच्या जागी कुत्रा नाही.

भाचा: ब्रश करायला हात उचलतो म्हणजे?

मावशी: समजा अर्धांगवायूचा रुग्ण आहे. फिजिओथेरपिस्ट सांगतो, हात वर करा, दहा वेळा. माणूस कंटाळतो. कुत्र्याच्या पाठीवरून ब्रश फिरवायचा म्हटलं, की तोच हात मोजदाद न करता फिरतो. इथं उपचार फिजिओथेरपिस्टचा असतो. काय साधायचं ते तो ठरवतो, नोंद तो ठेवतो. आपण कुत्रा घेऊन गेलेले स्वयंसेवक. नुसतं भेटायला जाणं हा साधा प्रकार झाला. दोन्ही चांगले, पण साध्या भेटीला उपचार म्हणू नये. आणि अंध माणसाला रस्ता दाखवणारा कुत्रा वेगळाच. तो एका माणसाचा असतो, आपला सगळ्यांना भेटतो.

भाचा: मग काळ्याला सर्टिफिकेट कुठून आणायचं?

मावशी: आपल्याकडे सरकारी परवाना असा काही नाही. ऑनलाइन पट्टा विकत घेऊन गळ्यात घातला म्हणून कुत्रा तयार होत नाही. पण परीक्षा कशी असते ते सांगते. अमेरिकेतली पेट पार्टनर्स ही संस्था १९७७ मध्ये डेल्टा फाउंडेशन नावानं सुरू झाली. त्यांचे नियम मला फार आवडतात, कारण तिथं नोंदणी कुत्र्याची होत नाही, जोडीची होते. तू आणि काळ्या पास झालात, म्हणून तुझ्या बायकोनं काळ्याला नेलेलं चालत नाही. तिला त्याच्यासोबत पुन्हा परीक्षा. आणि दर दोन वर्षांनी परत.

भाचा: मी कशात नापास होणार?

मावशी: जास्त करून माणूसच नापास होतो रे. परीक्षेत मागे एकदम भांडं पाडतात. कुबड्या, चाकाची खुर्ची जवळून नेतात. दोघं-तिघं एकदम भोवती गोळा होऊन ओबडधोबडपणे थोपटतात. जमिनीवर एखादी वस्तू टाकतात, कुत्र्यानं सोडून द्यायची. दुसरा कुत्रा समोरून जातो. कुत्रा दचकला तरी चालतं. दचकून तो किती लवकर सावरतो आणि सावरताना कोणाकडे बघतो, ते बघतात. आणि तुझ्याकडे बघतात ते असं: कुत्रा अडचणीत आला तर तू मध्ये पडतोस की समोरच्याला वाईट वाटेल म्हणून गप्प राहतोस.

भाचा: अडचणीत आला हे कळणार कसं? शेपूट पायात घालतो, तेव्हा?

मावशी: तोपर्यंत फार उशीर झालेला असतो. झोप नसताना जांभई. समोर खाणं नसताना ओठ चाटणं. तोंड बाजूला वळवणं. डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसायला लागणं. ऊन नसताना धापा. अंग ओलं नसताना अंग झाडणं. यातलं काही दिसलं की हसतमुखानं “आता काळ्याला पाणी पाजून आणतो” म्हणायचं आणि बाहेर पडायचं. लोक समजतात जांभई म्हणजे कुत्रा निवांत आहे. शाळेत एका मुलीनं कुत्र्याला गळामिठी मारली, सगळे कौतुकानं फोटो काढत होते आणि कुत्रा जांभया देत होता. त्याच्यासोबतच्या बाईंनी फोटो थांबवले, मुलीचे हात हळूच सोडवून त्याच्या पाठीवर ठेवले. मुलगीही खूश, कुत्राही. त्या दिवशी मला कळलं, या कामातला खरा जाणकार कोण असतो ते.

भाचा: आणि काळ्या देशी आहे, गोल्डन रिट्रीव्हर नाही.

मावशी: जात कोणी विचारत नाही. वय किमान एक वर्ष, तुझ्या घरात सहा महिने राहिलेला आणि स्वभाव. बस. आपल्या उन्हाला देशीच बरा. तरी मे महिन्यात चंद्रपूरचा पारा सत्तेचाळीसच्या आसपास जातो, तेव्हा डांबरी रस्त्यावर चालवायचं नाही. हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून बघ. तुला सोसत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही सोसणार नाही. एक सांगू? घरात पोपट आहे ना, तो नेऊ असं कोणी म्हणालं तर नको म्हण. आपल्या जंगल भागात पोपट, ससा सहज धरून आणतात. पण तो पोपट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतो, पाळायचाच नसतो.

भाचा: हेमलकशाला आमट्यांकडे तर बिबटे होते की.

मावशी: प्रकाश आणि मंदाकिनी आमटे १९७३ पासून भामरागडच्या माडिया आदिवासींमध्ये काम करतायत. त्यांच्याकडे आले ते शिकारीत आई गेलेल्या पिल्लांसारखे अनाथ प्राणी. तिथं माणूस प्राण्याच्या कामाला येतो. तू म्हणतोस त्यात प्राणी माणसाच्या कामाला येतो. म्हणून जबाबदारी तुझ्यावर जास्त, कारण हे काम काळ्यानं मागितलेलं नाही.

भाचा: रुग्णालयाचे डॉक्टर हो म्हणतील?

मावशी: मला नाही वाटत, आणि ते चुकीचे नसतील. रेबीजनं जगात जेवढी माणसं मरतात, त्यातली साधारण एक तृतीयांश आपल्या देशात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्या दवाखान्यात रोज कोणीतरी कुत्रा चावला म्हणून इंजेक्शन घ्यायला बसलेला असतो. त्याच्या समोरून तू काळ्याला नेणार? भीती वाटणाऱ्या माणसाला “काही करत नाही तो” असं कधीही म्हणायचं नाही. वळून दुसऱ्या बाजूनं जायचं. काळ्याची रेबीजची लस दरवर्षी, जंताचं औषध वेळेवर, कार्ड खिशात. कच्चं मांस बंद, त्यातून साल्मोनेला येतो. भेटीच्या आधी आंघोळ, नखं कापलेली. भेटणाऱ्यानं आधी आणि नंतर साबणानं हात धुवायचे. उघडी जखम असलेल्याजवळ जायचं नाही. आणि एवढं करूनही नख लागलं, तर हळद-चुना नको. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुऊन सरळ दवाखाना.

भाचा: मग सुरुवात कुठं करू?

मावशी: मला विचारशील तर शाळेत. हे मी किती दिवसांपासून मनात धरून आहे. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीला १९९९ मध्ये एका संस्थेनं एक प्रयोग सुरू केला. मुलं कुत्र्याला पुस्तक वाचून दाखवतात. मोठ्यानं वाचताना अडखळलं, की वर्गात कोणीतरी हसतं किंवा शिक्षक लगेच सुधारतात. कुत्रा नुसता पडून ऐकतो. आता आपल्याकडे बघ. जिवतीच्या पहाडावरून येणारी मुलं, कोणाच्या घरी गोंडी, कोणाच्या कोलामी, कोणाच्या बंजारा बोली, इकडे तेलुगू. शाळेत वाचायचं मराठी. ती पोरं हुशार असतात, पण तोंड उघडत नाहीत, कारण चुकलं की ऐकणारा असतो. काळ्याला मराठीही येत नाही आणि गोंडीही. त्याच्यासमोर सगळ्यांची भाषा सारखीच.

भाचा: पण वाचताना चुकलं तर शिकणार कसं?

मावशी: शिकवायला शिक्षक आहेतच. हा वेळ फक्त तोंड उघडायचा. एका वेळी एकच मूल, पंधरा-वीस मिनिटं, जवळ शिक्षक. तू काळ्याजवळ बसायचं, मुलाच्या पुस्तकात डोकावायचं नाही. मूल अडलं तर “काळ्याला तो शब्द नीट ऐकू आला नाही, परत सांगतोस का?” असं काळ्याच्या वतीनं बोलायचं. पालकांची परवानगी आधी. कोणाला दमा, ॲलर्जी आहे का, विचारायचं. ज्याला भीती वाटते त्यानं यायचंच नाही, त्याला कोणी चिडवायचंही नाही. आणि मुलांचे फोटो तुझ्या स्टेटसवर अजिबात नकोत.

भाचा: एका दिवसात किती मुलं?

मावशी: सुरुवातीला दोन. पेट पार्टनर्सवाले दिवसाला दोन तासांच्या वर काम करू देत नाहीत, आणि ते सरावलेल्या कुत्र्यांचं. तुझी नाइट शिफ्ट झाली असेल त्या दिवशी जायचं नाही. डोळे तारवटलेले असताना तुला त्याची जांभई दिसणार नाही.

भाचा: आणि काळ्या नापासच झाला तर?

मावशी: तर तो घरी राहील आणि तू मुलांचं वाचन ऐकायला जाशील. मुख्याध्यापकांना तसंही कोणीतरी हवंच असतं. रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत त्याला घेऊन ये. शेजारच्या काकूंची कुबडी मागून ठेवते, आणि भांडं मी पाडते. तू भांड्याकडे नको, काळ्याच्या कानांकडे आणि तोंडाकडे बघ, मग मला सांग काय काय दिसलं.